नगराचे नाव आणि नगराचे चिन्ह : चांद्याच्या दरवाजावरील सिंह



स्थलनामांच्या अभ्यासात आपण आतापर्यंत गावाच्या नावाकडे एक शब्द म्हणून पाहिले. त्याचे घटक कोणते, त्यात ध्वनिपरिवर्तन कसे झाले, जुन्या कागदपत्रांत ते कोणत्या रूपात आढळते, हे प्रश्न आपण विचारले. प्रस्तुत घटकात त्याच नावाच्या शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या एका साक्षीदाराचा परिचय करून घ्यायचा आहे. हा साक्षीदार म्हणजे नगराचे अथवा तेथील राजसत्तेचे चिन्ह. वेशीवर कोरलेले, मुद्रेवर उठविलेले किंवा कार्यालयीन कागदाच्या माथ्यावर छापलेले चित्र पाहिले, की त्यात गावाच्या नावाचा अर्थ दडलेला असावा असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात कधी चिन्ह नावातून जन्मते, कधी नावाविषयीच्या गैरसमजातून जन्मते, आणि कधी नावाशी त्याचा काहीही संबंध नसतो. हे प्रकार एकमेकांपासून वेगळे ओळखता यावेत, एवढ्यासाठीच हा घटक आहे.

आपले मुख्य उदाहरण चंद्रपूरचे, म्हणजे जुन्या चांद्याचे आहे. वणी, मारेगाव, झरी-जामणी या भागांतून अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांना वर्धा नदीपलीकडचे हे शहर परिचित आहे. मात्र तेथे पोहोचण्यापूर्वी काही शब्द आणि दूरदेशीची दोन नगरे पाहून घेणे आवश्यक आहे.

लांछन, ब्रीद, मोर्तब

राजचिन्हासाठी आपल्याकडे जुना संस्कृत शब्द 'लांछन' असा आहे. बदामीच्या चालुक्यांचे लांछन वराह होते. देवगिरीचे यादव सुवर्णगरुडाचे ध्वज मिरवीत. जैन परंपरेत प्रत्येक तीर्थंकराचे लांछन ठरलेले असते. वृषभ पाहून ऋषभदेव आणि सिंह पाहून महावीर ओळखावयाचे. येथे 'लांछन' याचा अर्थ केवळ 'ओळखीची खूण' एवढाच आहे. आजच्या मराठीत मात्र कुळाला लांछन लागले असे म्हटले, की ऐकणाऱ्याची मान खाली जाते. अर्थापकर्षाचे इतके ठसठशीत उदाहरण क्वचितच सापडेल. खूण म्हणजे डाग आणि डाग म्हणजे कलंक, या दोन पायऱ्यांवरून हा शब्द घसरला. चंद्रावरील डागामुळे संस्कृतात चंद्राला 'शशलांछन' म्हणतात, कारण त्या डागाचा आकार सशासारखा मानला गेला. या एका शब्दात खूण आणि डाग हे दोन्ही अर्थ एकत्र नांदताना दिसतात. हा ससा लक्षात ठेवावा. तो पुढे आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

दुसरा शब्द 'ब्रीद'. तो 'बिरुद' या शब्दापासून आला. राजाच्या पदव्या आणि पराक्रम सांगणारी विशेषणे म्हणजे बिरुदे. ती भाटांनी मोठ्याने उच्चारावयाची. मराठीत हाच शब्द आवाजाने आखूड झाला आणि अर्थाने अंतर्मुख झाला. ब्रीद म्हणजे पाळावयाचे वचन. म्हणूनच चिन्हाखाली लिहिल्या जाणाऱ्या ओळीला 'ब्रीदवाक्य' हे नाव चपखल बसले. बडोद्याच्या गायकवाडांचे ब्रीद 'जीन घर, जीन तख्त' असे होते. जीन म्हणजे घोड्यावरील खोगीर. तेच घर आणि तेच सिंहासन. अवघ्या चार शब्दांत अठराव्या शतकातील मराठा सरदाराचे सारे जीवन आले आहे.

'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण आज निर्णय पक्का होण्यासाठी वापरतो. त्यात दोन वेगळ्या वस्तू आहेत. शिक्का पत्राच्या वरच्या भागात उमटे आणि पत्र कोणाचे ते सांगे. मोर्तब मजकूर संपला तेथे उमटे, म्हणजे त्यापुढे कोणी काही घुसडू नये. दोन्ही शब्द अरबीतून फार्सीमार्गे मराठीत आले. ज्या काळात बहुतेक मराठा सरदारांच्या मुद्रा फार्सीत असत, त्या काळात शिवाजी महाराजांनी आपली अष्टकोनी मुद्रा संस्कृतात घडविली. तिच्यावर कोणताही प्राणी नाही, शस्त्र नाही. प्रतिपदेच्या चंद्रकोरीप्रमाणे वाढत जाणारी, हे चित्र तेथे शब्दांनी काढले आहे. आजच्या महाराष्ट्र शासनाच्या मुद्रेत मध्यभागी समई आहे आणि तिच्याभोवती याच मुद्रेवर बेतलेली संस्कृत अक्षरे आहेत. शब्दांतून उभे केलेले चित्र आणि दगडात कोरलेले चित्र यांतील फरक पुढील चर्चेत उपयोगी पडेल.

बोलती चिन्हे

आता युरोपकडे वळू. बाराव्या शतकापासून तेथील सरदार ढालींवर आपापली चिन्हे रंगवू लागले आणि ती वंशपरंपरेने चालू लागली. जर्मन भाषेत अशा चिन्हाला 'वापेन' म्हणतात. हा शब्द शस्त्रवाचक शब्दाचाच भाऊ आहे. लवकरच व्यापारी नगरांनाही स्वतःच्या मुद्रांची गरज भासली, कारण करारनामे नगराच्या नावाने होऊ लागले होते. या मुद्रांवर काय कोरावे? ज्यांना अक्षरओळख नाही त्यांनाही मुद्रा कोणत्या नगराची ते कळले पाहिजे. त्यावर एक सोपा उपाय निघाला. नगराच्या नावात जो शब्द ऐकू येतो, त्याचे चित्र काढावयाचे. अशा चिन्हाला जर्मनमध्ये 'बोलते चिन्ह' या अर्थाचे नाव आहे आणि आपणही तेच वापरू.

म्युनिकचे उदाहरण सरळ आहे. इ.स. ११५८ मध्ये या ठिकाणाचा प्रथम उल्लेख येतो, तो 'मुनिखेन' अशा रूपात. त्याचा अर्थ 'साधूंपाशी'. तेथे मठवासी साधूंची वस्ती होती आणि नगराच्या जुन्या मुद्रेवरही मठवासी साधूच आहे. नाव आणि चित्र येथे एकच गोष्ट सांगतात. गंमत पुढे आहे. शतकानुशतके चित्रकार हा साधू पुनःपुन्हा काढीत राहिले आणि तो हळूहळू लहान, गोबरा होत गेला. शेवटी तो बालक झाला आणि लोक त्याला 'म्युनिकचे बाळ' म्हणू लागले. आज उत्सवात त्या चिन्हाची भूमिका बहुधा एखादी तरुणी करते. शब्दाचे उच्चार झिजतात तशी चित्रेही झिजतात, हे भाषाभ्यासकाने येथून उचलावे.

बर्लिनचे उदाहरण अधिक बोधक आहे. बर्लिनचे चिन्ह अस्वल. १२८० सालच्या नगरमुद्रेवर गरुडाच्या दोन्ही बाजूंना अस्वले उभी आहेत. जर्मन भाषेत अस्वलाला 'बेअर' म्हणतात. तेव्हा 'बेअर'चे बर्लिन, हे कोणालाही पटेल. परंतु हे नाव मुळात जर्मन नाही. त्या प्रदेशात जर्मन भाषकांच्या आधी स्लाव भाषक राहत होते आणि 'बर्लिन' हा शब्द दलदल या अर्थाच्या स्लाव धातूपासून आला असे अभ्यासक मानतात. श्वेरीन, स्टेटिन अशी त्या भागातील इतर नावे पाहिली, म्हणजे शेवटचा 'इन' हा प्रत्ययही स्लाव असल्याचे दिसते. पुढे जर्मन भाषक आले. जुन्या नावाचा अर्थ त्यांना कळेना. त्यांनी त्यात आपल्या भाषेतील शब्द ऐकला आणि तो मुद्रेवर कोरला. यालाच आपण लोकव्युत्पत्ती म्हणतो. येथे ती केवळ बोलण्यात न राहता धातूच्या ठशात उतरली आणि साडेसातशे वर्षे टिकली.

मग बर्लिनचे अस्वल खोटे म्हणावे काय? माझे उत्तर नाही असे आहे. नाव कोठून आले याविषयी ते काही सांगू शकत नाही. पण तेराव्या शतकातील नगरवासीयांना ते नाव कसे ऐकू येत होते, याचा ते अस्सल पुरावा आहे. पुरावा कशाचा, एवढे आपण नीट विचारले पाहिजे.

आपल्याकडे नगरांनी अशा मुद्रा वापरल्याची परंपरा नाही. मुद्रा राजाची असे किंवा अधिकाऱ्याची. पण बोलत्या चिन्हाची कल्पना मराठी माणसाला अपरिचित नव्हती. जुन्या महजरांच्या शेवटी पाटलाच्या नावापुढे नांगराची आकृती असते आणि तिला 'निशाणी नांगर' म्हणत. इतरही लोक आपापल्या व्यवसायाचे अवजार काढीत. युरोपातील चिन्हाच्या नावात शस्त्र आहे आणि आपल्या गावकऱ्याच्या निशाणीत अवजार आहे. ही तुलना मला नेहमीच आवडत आली आहे.

यवतमाळचे चिन्ह काढावयाचे झाल्यास

वर्गात मी हा प्रश्न विचारतो, तेव्हा काही विद्यार्थी फुलांची माळ सुचवितात आणि काही माळरान. दुसरे उत्तर अधिक समंजस वाटते, कारण यवतमाळ खरोखरच पठारावर, समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास उंचीवर वसलेले आहे. भूगोलच साक्ष देतो, म्हणजे व्युत्पत्ती सिद्ध झाली असे वाटू लागते. परंतु जुन्या नोंदी वेगळे सांगतात. 'आईन-इ-अकबरी'त हा परगणा योत-लोहारा या जोडनावाने येतो. लोहारा हे गाव आजही यवतमाळला लागूनच आहे. मूळ गावाचे नाव 'येवता' किंवा 'यवत' आणि त्याला जोडलेला 'माळ' हा 'महाल' या शब्दाचा अपभ्रंश, असे स्पष्टीकरण गॅझेटियरमध्ये दिले आहे. महाल म्हणजे परगणा, महसुलाचा विभाग. 'महाल'मधील 'ह' लोपला, दोन स्वर एकत्र आले, आणि उरलेल्या 'माल'ला मराठी कानाने परिचित 'माळ' करून टाकले. जुन्या इंग्रजी कागदांतील 'येवतमाल' या रूपात तो 'ल' अजून शाबूत आहे.

अर्थात कार्यालयीन महसुली शब्दाचे चित्र काढणे अवघड. उद्या कोणी यवतमाळसाठी बोलते चिन्ह रेखाटले, तर त्यात माळरानच येईल, ते सुंदरही दिसेल, आणि पाचशे वर्षांनी एखादा अभ्यासक त्याच्या आधारे चुकीची व्युत्पत्ती मांडील. पांढरकवड्याला पांढरी कवडी, बाभूळगावाला बाभूळ, उमरखेडला उंबर. आपल्या जिल्ह्यातील नावे बोलत्या चिन्हांना फारच अनुकूल आहेत, आणि म्हणूनच फार सावधपणे हाताळण्यासारखी आहेत.

चांद्याचे दरवाजे

आता आपण मुख्य उदाहरणाकडे आलो. चंद्रपूरच्या जुन्या शहराभोवती सुमारे अकरा किलोमीटर लांबीचा तट आहे. उत्तरेला जटपुरा, पूर्वेला अचलेश्वर, दक्षिणेला पठाणपुरा आणि पश्चिमेला बिनबा असे चार दरवाजे आहेत; शिवाय पाच खिडक्या, म्हणजे लहान दरवाजे आहेत. हा तट गोंड राजांनी बांधला. परंपरेनुसार त्याची सुरुवात खांडक्या बल्लाळशाह याने केली आणि पुढील राजांच्या काळात तो पुरा झाला. १७५१ मध्ये हे राज्य नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात गेले.

दरवाजांच्या भिंतीवर गोंड राजांचे चिन्ह कोरलेले आहे. सिंहासारखा एक बलदंड प्राणी आहे आणि त्याच्या कह्यात हत्ती सापडला आहे. हत्तीचा आकार सिंहाहून लहान आहे. निसर्गात असे प्रमाण नसते. पण शिल्पकाराला निसर्ग दाखवावयाचा नव्हता, वर्चस्व दाखवावयाचे होते. व्याकरणाच्या भाषेत सांगावयाचे, तर हे एक पूर्ण वाक्य आहे. त्यात कर्ता आहे, कर्म आहे आणि क्रियाही आहे. बर्लिनचे अस्वल हे केवळ एक नाम आहे. चांद्याचा सिंह हे विधान आहे.

या चिन्हात चंद्र कोठेही नाही. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. 'चांदा' हे नाव ऐकताच मराठी माणसाला चंद्र आठवतो. 'चंद्र' या शब्दापासून मराठीत 'चांद' होणे ध्वनिनियमाला धरूनच आहे. जोडाक्षर सुटे झाले की आधीचा स्वर दीर्घ होतो, हे आपण 'हस्त'चा 'हात' होताना पाहिले आहे. स्थानिक परंपरा तर त्याही मागे जाते. या नगराचे नाव प्रथम लोकापूर, मग इंदुपूर आणि मग चंद्रपूर असे होते, असे ती सांगते. 'इंदु' म्हणजेही चंद्र. १९६४ च्या सुमारास 'चांदा' हे नाव अधिकृतरीत्या बदलून 'चंद्रपूर' करण्यात आले. त्यामागे हीच धारणा होती, की चांदा हे चंद्रपूरचे बिघडलेले रूप आहे. येथे अभ्यासकाने थोडे थबकावे. ध्वनिनियमानुसार एखादी व्युत्पत्ती शक्य असणे आणि ती घडलेली असणे, या दोन वेगळ्या बाबी आहेत. ज्या प्रदेशात मराठीबरोबर गोंडी आणि तेलुगूही शतकानुशतके बोलल्या जातात, तेथे केवळ संस्कृत शब्दाशी मेळ बसला म्हणून शोध थांबविता येत नाही. बर्लिनमध्ये जर्मन भाषकांनी तो थांबविला होता.

चिन्हात चंद्र नाही, तर तो गेला कोठे? तो कथेत गेला आहे.

चांद्याच्या स्थापनेची कथा आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. खांडक्या बल्लाळशाह राजाच्या अंगावर व्याधीमुळे गाठी उठल्या होत्या. त्याची राजधानी तेव्हा बल्लारपूरला होती. एकदा शिकारीच्या नादात तो झरपट नदीच्या कोरड्या पात्रात आला. तेथे एका खळग्यात थोडे पाणी होते. ते तो प्याला, त्याने हातपाय धुतले आणि त्या रात्री त्याला कित्येक दिवसांनी शांत झोप लागली. सकाळी राणीने पाहिले तो गाठी नाहीशा झालेल्या. त्या जागी अचलेश्वराचे देऊळ उभे राहिले. पुढे देवळाचे काम पाहून परतताना राजाला एक नवल दिसले. एक ससा राजाच्या कुत्र्याचा पाठलाग करीत होता आणि त्या सशाच्या कपाळावर पांढरा ठिपका होता. ही भूमी वीरांची आहे, येथे नगर वसवावे, असा सल्ला राणीने दिला. आणि ज्या वाटेने तो पाठलाग झाला, त्या वाटेने तटाची आखणी झाली.

कुत्र्यामागे ससा धावल्याची कथा अहमदाबादविषयीही सांगतात, विजयनगरविषयीही सांगतात. ती फिरती कथा आहे, हे लोकसाहित्याच्या अभ्यासक्रमात आपण शिकलाच असाल. चांद्याच्या कथेचे स्वतःचे असे काय आहे, तर तो कपाळावरचा पांढरा ठिपका. जनावराच्या कपाळावरील अशा ठिपक्याला आपण 'चांद' म्हणतो. आणि आता 'शशलांछन' हा शब्द आठवा. चंद्रावर सशाची खूण आहे; येथे सशावर चंद्राची खूण आहे. देशभर फिरणारी कथा चांद्यात आली, तेव्हा तिच्यातील सशाला गावाच्या नावाचा ठसा मिळाला, असे मी याचे वाचन करतो. म्हणजे बोलते चिन्ह येथेही तयार झालेच. फक्त ते दगडावर न उमटता तोंडी कथेत उमटले.

चांद्यापाशी दोन साक्षी आहेत आणि त्या दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. कथेतील ससा, लोकांना नाव कसे ऐकू येत होते ते सांगतो. दरवाजावरील सिंह, राजाला आपली सत्ता कशी दिसावी असे वाटत होते ते सांगतो. एकीवरून दुसरीचे अनुमान काढू गेल्यास गोंधळच होईल.

सिंह कोणाचा?

या चिन्हाविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. एक मत असे, की सिंह आणि हत्ती हा संस्कृत परंपरेतील ठरीव आकृतिबंध आहे, तेव्हा त्यात गोंडांचे असे काही नाही. दुसरे मत असे, की हे चिन्ह सर्वस्वी गोंडवनातच जन्मले आणि हत्ती म्हणजे अमुक एक पराभूत शत्रू होय.

पहिल्या मतातील वस्तुस्थिती बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. संस्कृत काव्यात सिंह हा हत्तीचा जन्मवैरी असतो. पराक्रमी पुरुषाला 'पुरुषसिंह' आणि 'नरशार्दूल' म्हणतात. कोणार्कच्या मंदिरापाशी हत्तीवर आरूढ झालेले सिंह आहेत. महाराष्ट्रातील अनेक किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ हा काल्पनिक प्राणी पंजांत हत्ती धरून उभा असलेला दिसतो. विदर्भाच्या जंगलात सिंह नाही. ताडोबात आणि आपल्या टिपेश्वरात आहे तो वाघ. तेव्हा चांद्याच्या शिल्पकाराने हा प्राणी रानात पाहून कोरलेला नाही, परंपरेतून घेतला, हे उघड आहे. पण उसना घेतलेला शब्द भाषेत रुळला की तो त्या भाषेचा होतो. 'शिक्का' आणि 'मोर्तब' यांना आज कोणी परके म्हणणार नाही. प्रत्येक वेशीवर, पिढ्यान्‌पिढ्या, एका राजघराण्याने जे चिन्ह कोरले, ते त्या घराण्याचेच होय.

दुसऱ्या मताविषयी माझी हरकत पद्धतीची आहे. हत्ती म्हणजे एखादा विशिष्ट शत्रू, असे म्हणावयाचे तर तसा लेख हवा. ओडिशाचे राजे स्वतःला गजपती म्हणवीत, हे खरे. पण जेथे जेथे दगडातला हत्ती दबलेला दिसेल, तेथे तेथे गजपतीच पराभूत झाला असे मानता येत नाही. हा आकृतिबंध इतका सर्वदूर आहे, की त्याचा अर्थ सर्वसाधारणच घ्यावा लागतो. बलाढ्य सैन्यालाही आम्ही नमवू शकतो, एवढाच तो.

चिन्हशास्त्राचा पाया घालणारे अमेरिकन विचारवंत चार्ल्स पर्स यांनी चिन्हांचे प्रतिमा, निर्देशक आणि प्रतीक असे तीन प्रकार सांगितले. चांद्याचे शिल्प सिंहासारखे दिसते म्हणून ते प्रतिमा आहे. सिंह म्हणजे राजा हा संकेत समाजाने मान्य केला म्हणून ते प्रतीक आहे. आणि ते वेशीवर आहे, म्हणजे येथून पुढे कोणाची सत्ता सुरू होते ते दाखविते, म्हणून ते निर्देशकही आहे. मोर्तब जसे मजकुराची सीमा दाखवी, तसे हे शिल्प नगराची सीमा दाखविते. संग्रहालयात नेऊन ठेवले, तर त्यातील पहिले दोन अर्थ टिकतील आणि तिसरा नाहीसा होईल.

गोंड राजांच्या नावांकडे पाहिले, तरी हीच सरमिसळ दिसते. 'बल्लाळ' हे नाव दक्षिणेकडे होयसळ राजांत प्रसिद्ध होते, तर 'शाह' फार्सी आहे. बल्लाळाचे म्हणून 'बल्लाळपूर', त्याचे झाले 'बल्लारपूर', आणि रेल्वेच्या फलकावर 'बल्हारशाह'. ल, ळ आणि र यांच्या अदलाबदलीचे इतके जवळचे उदाहरण दुसरे नाही. गाडीतून उतरताना वाचून घ्यावे.

आणखी एक बाब आहे आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. गोंडी ही द्राविड कुळातील भाषा. तिचे भाषक स्वतःला 'कोयतूर' म्हणवितात. ती प्रामुख्याने मौखिक परंपरेत जगली. तिच्यासाठी मुनशी मंगलसिंह मसराम यांनी लिपी तयार केली, ती १९१८ मध्ये. गोंडांच्या वंशकथा आणि देवकथा परधान गायकांनी वाद्याच्या साथीने मुखोद्गत राखल्या. आपल्या जिल्ह्यातही ही मंडळी आहेत. चांद्याच्या राजांविषयी जे लिहिले गेले, ते बहुतांशी फार्सीत, मराठीत आणि नंतर इंग्रजीत, म्हणजे इतरांच्या भाषांत. अशा वेळी दरवाजावरील ते शिल्प ही राजसत्तेने स्वतःविषयी, कोणाच्याही मध्यस्थीवाचून केलेली नोंद ठरते. गोंड समाजाच्या मेळाव्यांच्या फलकांवर आजही हे चिन्ह का दिसते, याचे उत्तर येथे आहे. नाव बदलले, राज्य गेले, कागद दुसऱ्यांचे. चिन्ह मात्र त्यांचे आहे. म्हणून त्याच्यावर चुकीचा अर्थ लादणे हा केवळ शास्त्रीय प्रमाद राहत नाही.

कळंबाचे झाड आणि सिंह

नाव एक आणि चिन्ह दुसरेच, याचे आणखी एक उदाहरण थोडक्यात पाहू. आपल्या जिल्ह्यातील कळंब हे गाव चिंतामणीच्या देवस्थानासाठी प्रसिद्ध आहे. 'कळंब' म्हणजे कदंबाचे झाड. 'कदंब'मधील 'द'चा 'ल' आणि पुढे 'ळ' झाला. याच झाडाचे नाव गोव्यावर राज्य करणाऱ्या कदंब घराण्याला होते. त्यांचे लांछन कोणते? झाड नव्हे, सिंह. गोव्याच्या कदंबांच्या नाण्यांवर सिंह आहे, आणि आज गोव्यात धावणाऱ्या कदंब परिवहन महामंडळाच्या बसवरही तोच सिंह आहे. झाड नावापुरते राहिले. कदंबांनी बोलते चिन्ह घेतले असते, तर त्या बसवर आज गोल पिवळसर फुले दिसली असती.

१ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत भरलेल्या दरबारात भारतीय संस्थानिकांना इंग्रज सरकारने निशाणे दिली. त्यांवरील चिन्हे रॉबर्ट टेलर या इंग्रज अधिकाऱ्याने युरोपीय पद्धतीने, ढालीच्या आकारात रेखाटली होती. आज अनेक जुन्या राजवाड्यांच्या कमानींवर आणि पत्रांवर जी चिन्हे आपण पाहतो, त्यांची मांडणी या वळणाची आहे. आतील सूर्य, नाग, घोडा आपले आणि चौकट परकी. चांद्याच्या दरवाजावर ती चौकट नाही, कारण तो सिंह त्याच्या कितीतरी आधीचा आहे.

स्वयं-अध्ययनासाठी

आपल्या गावाचे किंवा जवळच्या गावाचे नाव घ्यावे. त्या नावाचा अर्थ गावातील किमान तीन वयोवृद्ध व्यक्तींना विचारावा आणि प्रत्येकाचे उत्तर त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे. आपल्या वतीने दुरुस्त करू नये. शक्य असल्यास त्यांतील एक व्यक्ती गोंडी, कोलामी किंवा बंजारा भाषक असावी. त्यानंतर गावातील वेस, देऊळ, विहीर, जुना वाडा किंवा वीरगळ यांवर कोणती चित्रे कोरलेली आहेत त्यांची नोंद करावी. नावाविषयीची सांगितलेली माहिती आणि कोरलेली चित्रे यांत मेळ दिसतो का? दिसत असल्यास, नावातून चित्र आले की चित्र पाहून लोकांनी नावाचा अर्थ लावला, हे कोणत्या पुराव्यावरून ठरविता येईल, याची चर्चा सुमारे चारशे शब्दांत करावी. पुरावा अपुरा असल्यास तसे स्पष्ट लिहावे. त्यासाठी गुण कमी होणार नाहीत.